शिळ्याची मुदत

भिलाईत १५०० अंश सांभाळणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. ४ अंश सांभाळणारा माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे.

१५०० अंश म्हणजे ढोबळमानानं ब्लास्ट फर्नेसमधून निघणाऱ्या वितळलेल्या लोखंडाचं तापमान. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी इथल्या पहिल्या फर्नेसचं उद्घाटन केलं. तेव्हापासून हा लाल रस या गावात वाहतोय आणि गावानं त्याच्याशी जुळवूनही घेतलंय. हेल्मेट आहे, जाड बूट आहेत, कामाआधी परमिट आहे, ठरलेल्या तारखेला शटडाऊन आहे, जागोजागी 'सेफ्टी फर्स्ट'चे फलक आहेत. ४ अंश म्हणजे घरातल्या फ्रीजच्या पोटात जास्तीत जास्त असावं ते तापमान. त्याच्यासाठीचा बंदोबस्त म्हणजे वर टाकलेलं झालरीचं कव्हर, हँडलला बांधलेला रुमाल आणि दारावर चिकटलेला बालाजी.

तसे हे दोघं जवळजवळ एका वयाचे. गोदरेजनं भारतात फ्रीज बनवायला घेतला तो १९५८ साली, म्हणजे भिलाईची भट्टी पेटण्याच्या आदल्या वर्षी. भट्टीचं ट्रेनिंग घ्यायला लोक पार रशियात जाऊन आले. फ्रीजचं ट्रेनिंग कुणी दिलं नाही. तो आला, त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्या नारळाचं उरलेलं अर्धं त्याच्यातच ठेवलं. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

आमचे काका रेल मिलमधून रिटायर झालेत. देशातले कितीतरी रूळ भिलाईचे, त्यामुळे काका कुठल्याही गाडीत बसले की अर्धी गाडी आपलीच असल्यासारखे बसतात. मूळचे नागपूरकडचे, आता मुक्काम रिसालीला. मिलमध्ये असताना तापमानाचं काम त्यांनी कधी अंदाजावर सोडलं नाही. घरच्या फ्रीजच्या नॉबवर मात्र १ ते ७ आकडे आहेत आणि त्यांचा अर्थ काय यावरून त्या घरात दोन संप्रदाय आहेत.

काकूंचं म्हणणं, हे आकडे म्हणजे अंश. १ वर ठेवला की १ अंश, म्हणजे सगळ्यांत गार. त्यामुळे मे महिन्यात, जेव्हा भिलाईत पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा त्या नॉब आठवणीनं १ वर आणतात. मग दूध नासतं आणि दूधवाल्याचा उद्धार होतो. काकांचं म्हणणं, ४ हा आकडा शास्त्रीय आहे, कारण ४ अंश हेच योग्य तापमान, त्यामुळे नॉब बारा महिने ४ वर. खरं सांगायचं तर बहुतेक फ्रीजमध्ये नॉबवरचा आकडा अंश दाखवतच नाही. मशीननं किती जोर लावायचा तेवढं तो सांगतो. ७ म्हणजे सगळ्यांत जोरात, १ म्हणजे नावाला. ४ वर नॉब ठेवून आतलं तापमान ९ अंशही असू शकतं. खचाखच भरलेला फ्रीज, ढिलं झालेलं दाराचं रबर आणि भिंतीला पाठ टेकवून उभं केलेलं मशीन, एवढं जमलं की तेवढं सहज होतं.

काकांनी प्रमाण द्यायचं ठरवलं. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर रात्रभर श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवला. सकाळी काढला तर पडद्यावर अक्षरं: 'लो'. तापाचा थर्मामीटर मुळात माणसासाठी. ३२ अंशांच्या खाली तो हात वर करतो आणि 'लो' म्हणतो. पण काका चष्मा शोधेपर्यंत काकूंनी बातमी शेजारी पोचवली होती की फ्रीजचं बीपी लो झालंय.

योग्य पद्धत साधी आहे. फ्रीजचा वेगळा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात तो उभा करायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी बघायचा. खालच्या कप्प्यात ४ किंवा त्याच्या आत, वरच्या फ्रीझरमध्ये उणे १८. एवढंच. ज्या गावात कोक ओव्हनच्या दारादाराचा हिशेब राहतो, त्या गावात या एका पेल्याची कुणाला आठवण होत नाही.

पण तापमान हा रोगाचा छोटा भाग झाला. मोठा भाग वेगळाच आहे, आणि तो समजायला छत्तीसगढच्या बासीपासून सुरुवात करावी लागते.

रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी कांदा, हिरवी मिरची, चेच भाजी किंवा लोणच्याबरोबर खायचा, ही बासी. ताजा भात गार करून भिजवला तर तो बोरे. शेतावर जाणाऱ्या माणसाचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं न्याहारीचं ताट. २०२२ साली तेव्हाच्या राज्य सरकारनं १ मे च्या कामगारदिनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. एरवी ऑम्लेटशिवाय दिवस न उगवणाऱ्या साहेबलोकांनी काशाच्या थाळीतला भात कॅमेऱ्याकडे बघत खाल्ला. आमच्याकडे तो महाराष्ट्र दिनही असतो, त्यामुळे काकांच्या ताटात एका बाजूला बासी आणि दुसऱ्या बाजूला श्रीखंड होतं. दोन्ही राज्यांशी इतकं इमान फार थोड्यांनी राखलं असेल.

या बासीचं मर्म असं की तिला मुदत असते. रात्री भिजवली, सकाळी खाल्ली, संपली. रात्रभरात भात किंचित आंबतो आणि त्या आंबटपणात बाकीच्या उपद्व्यापी जंतूंना फारसं सुचत नाही. दुपारपर्यंत ठेवली तर तीच बासी खायच्या लायकीची राहत नाही, आणि हे घरातल्या पोरालाही कळतं, कारण नाक सांगतं.

आपल्या मराठी घरांतही हेच होतं. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, उरलेल्या वरणात कणीक भिजवून थालीपीठ किंवा चकोल्या. शिळ्याला दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंतची मुदत, त्यापुढं गाय. वर्षातून एकदा शिळासप्तमीला शिळं खायचा रीतसर दिवस. आदल्या दिवशी रांधायचं, दुसऱ्या दिवशी चूल विसावायची आणि देवीच्या नावानं गार खायचं. म्हणजे शिळं ही बाब पूर्वजांनी किती नेमकी बांधून घातली होती बघा. किती, केव्हा, कुणी, कशाबरोबर, सगळं ठरलेलं.

फ्रीज आला आणि ही मुदत गेली. मशीनवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

'अन्न टाकू नये' ही आपल्याकडची शिकवण. फ्रीजनं तिच्यातून फार सभ्य पळवाट काढून दिली. ताजी भाजी टाकली तर पाप लागतं. तीच भाजी वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवली, आठ दिवस तिच्याकडे बघितलं नाही आणि नवव्या दिवशी तिला पांढरी लव आल्यावर टाकली, तर पाप लागत नाही. उलट फ्रीज साफ केल्याचं पुण्य लागतं. काकूंच्या फ्रीजमध्ये वाटीवर ताटली, ताटलीवर वाटी, वाटीवर उलटं झाकण आणि झाकणावर अर्धं लिंबू असा मनोरा कायम उभा असतो. सगळ्यांत खालच्या वाटीत काय आहे हे कुणालाही सांगता येत नाही. काका मिलच्या भाषेत त्याला 'बॉटम चार्ज' म्हणतात.

"अगं, हे वरण कधीचं आहे?"

"परवाचंच."

काकूंचा 'परवा' मात्र भलताच लवचीक. मामांकडे लग्न होतं ते परवा, आणीबाणी लागली तीही परवाच.

"फेकून देऊ?"

"फेकून काहून राहिले? चांगलं आहे नं. फ्रीजमध्येच तर होतं."

'फ्रीजमध्येच तर होतं' हे वाक्य घराघरात प्रमाणपत्रासारखं चालतं. थंडी जंतूंना मारत नाही, त्यांना सुस्त करते. बाहेर तासाभरात जे करतील ते आत दोन-तीन दिवसांत करतात. लिस्टेरिया नावाचा एक महाभाग तर ४ अंशांतही आपला संसार हळूहळू वाढवत राहतो; थंडीला न घाबरणारा हा पाहुणा विशेषतः गरोदर बायांना आणि म्हाताऱ्यांना धोक्याचा. म्हणून शिजवलेलं अन्न तीन-चार दिवसांच्या आत संपवावं आणि भात तर दुसऱ्याच दिवशी. भातात एक बेसिलस सेरियस असतो. तांदूळ शिजला तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत आणि भात बाहेर गार होत पडला की त्यांना नवा जोम येतो. त्यांनी एकदा विष सोडलं की पुन्हा खळखळून गरम केलं तरी ते जात नाही. फोडणीच्या मोहरीचं तर त्याला काहीच वाटत नाही.

आणि हा खेळ फ्रीजच्या बाहेरच सुरू होतो. अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भिलाईच्या हिशेबानं मार्चपासून पावसाळ्यापर्यंत एकच तास समजायचा. आमच्याकडे मात्र 'गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवलं की फ्रीज बिघडतो' या धाकानं कढई ओट्यावर निवत ठेवतात. ती निवेपर्यंत मालिका संपते, मालिका संपेपर्यंत डोळा लागतो आणि रात्री दीडला पाणी प्यायला उठलेल्या माणसाला कढई दिसते. मग तो सेफ्टी म्हणून तिला फ्रीजमध्ये ठेवतो. वाफ जाईपर्यंत थांबावं हे बरोबर. मग उथळ भांड्यांत काढावं, झाकावं आणि आत ठेवावं. अख्खी कढई गार व्हायला फ्रीजलाही रात्र लागते.

प्रसादाचं प्रकरण आणखी नाजूक. प्रसादाला मुदत नसते. काकूंच्या फ्रीजच्या वरच्या कोपऱ्यात डोंगरगढच्या बमलेश्वरीचा प्रसाद आहे, शेगावचा आहे, कुणाच्या तरी सत्यनारायणाचा शिरा आहे आणि तिरुपतीचा एक लाडू आहे, ज्यानं आता भिलाईत बनणाऱ्या कुठल्याही मालाशी टक्कर घ्यावी. खायची हिंमत कुणात नाही, टाकायची त्याहून नाही. मला वाटतं, देवाला हे सगळं कळत असणार आणि तोही ओशाळत असणार.

आता मांडणीबद्दल. कच्चं मांस, मासळी, चिकन झाकून सगळ्यांत खाली ठेवावं, म्हणजे त्याचं पाणी खालच्या कशावर गळत नाही. हे साऱ्या जगाला माहीत आहे. आमच्याकडे घरात मांसाहार चालत नाही असं म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे चिकन अपारदर्शक पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून सगळ्यांत वर, मागं, दह्याच्या वर ठेवतात. सोवळं सांभाळायच्या नादात चिकनचं पाणी थेट दह्यात उतरतं.

दाराचा कप्पा हा फ्रीजमधला सगळ्यांत उबदार भाग, कारण दार उघडलं की पहिला झोत तोच खातो. कंपन्या दुधासाठी आणि अंड्यांसाठी खळगे नेमके तिथंच देतात. हा विनोद त्यांनी का करावा कळत नाही. दूध आत, मधल्या-खालच्या फळीवर ठेवावं. दारात सॉस, लोणची, जाम आणि तो अर्धा वापरलेला मेंदीचा कोन जो गेल्या तीन लग्नांपासून तिथं आहे. इन्सुलिनही दारात नको आणि फ्रीझरमध्ये तर नकोच. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. एकदा गोठलं की वितळल्यावरही कामाचं नाही.

दार उघडं ठेवून उभं राहण्याचं आमच्याकडचं शास्त्र वेगळं. उन्हाळ्यात कूलर रिकामा झाला की घरातला तरुण वर्ग फ्रीजचं दार उघडून 'काय खाऊ' या प्रश्नावर दीर्घ चिंतन करतो. खोली गार होईल अशी अंधुक आशाही त्यामागं असते. फ्रीज आतली उष्णता पाठीमागून खोलीतच टाकतो आणि वर स्वतःच्या मोटरची भर घालतो, तेव्हा दार जितकं जास्त वेळ उघडं तितकी खोली गरम. चिंतन संपतं तेव्हा हातात एक पाण्याची बाटली असते.

विजेचा झटका हा आमच्या गावाचा अपमान आहे, कारण अर्थिंग या विषयावर इथला प्रत्येक दुसरा माणूस व्याख्यान देऊ शकतो. तरी घरोघरी 'फ्रीजची चप्पल' असते. ती फ्रीजसमोर पडलेली असते. हात लावला की 'करंट मारतो' म्हणून दार उघडण्याआधी ती पायात घालायची, दही काढायचं, चप्पल काढायची. नवी सून आली की तिला देवघर दाखवतात, गॅस दाखवतात आणि ही चप्पल दाखवतात. मिलमध्ये कुठल्याही मशीननं असा झिणझिण्या देणारा स्पर्श केला असता तर काकांनी पाळी बंद पाडली असती. घरी ते "ओल्या हातानं लावू नको नं" एवढंच म्हणतात. हा प्रश्न चप्पल सोडवू शकत नाही. तीन पिनांचा प्लग, भिंतीतली खरी अर्थिंगची तार आणि टीव्ही-मिक्सर-इस्त्री एकत्र चालवणारं एक्स्टेन्शन बोर्ड काढून फ्रीजला स्वतःचं सॉकेट दिलं की प्रश्न मिटतो. वीज गेली-आली की मशीनला तीन-चार मिनिटं श्वास घेऊ द्यावा. कॉम्प्रेसरमधला दाब समान झाल्याशिवाय त्याला उठवलं की तो घुरघुरतो आणि एके दिवशी उठतच नाही. अंधडानं वीज गेली असेल तर दार बंद ठेवावं. न उघडता खालचा कप्पा सुमारे चार तास टिकतो आणि भरलेला फ्रीझर दोन दिवस. काका दर वीस मिनिटांनी उघडून बघतात, गार आहे का.

बर्फ हा त्याहून गंभीर विषय. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये फ्रीझरला बर्फाचा थर चढतो आणि आतली जागा हळूहळू दिवाळीच्या किल्ल्यातल्या गुहेएवढी राहते. डीफ्रॉस्टचं बटण दाबून, खाली टॉवेल अंथरून वाट बघायची, एवढंच काम. पण वाट बघणं हे माणसाचं काम नव्हे म्हणून सुरी येते. फ्रीझरच्या त्या पातळ पत्र्याच्या आतच गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात. सुरीचं टोक एकदा आत गेलं की 'फुस्स' असा आवाज येतो आणि घरात क्षणभर सगळे एकमेकांकडे बघतात. मग मेकॅनिक येतो.

मेकॅनिक आल्या आल्या म्हणतो, "गॅस खतम हो गई है, भरनी पड़ेगी." हे वाक्य तो नळी फुटलेली असो, नॉब १ वर असो की प्लग निघालेला असो, सारख्याच करुणेनं म्हणतो. फ्रीजचा गॅस काही गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षं तोच तोच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

या गॅसचाही इतिहास आहे. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायॉक्साइड अशी जहाल मंडळी असायची. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये फ्रीजमधून गळलेल्या गॅसनं एक आख्खं कुटुंब गेल्याची बातमी आईन्स्टाईननं वाचली. त्यानं लिओ झिलार्ड या तरुण मित्राला बरोबर घेतलं आणि जिथून गळती होते ते हलणारे भागच नसलेला फ्रीज शोधून काढला. १९३० साली त्याचं अमेरिकी पेटंटही मिळालं. बाजारात तो काही आला नाही, कारण तोवर फ्रीऑन आला. फ्रीऑन ना पेटायचा, ना विषारी. फक्त वर जाऊन ओझोनला भोक पाडायचा. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं त्याचाही निरोप समारंभ झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आईन्स्टाईन फ्रीज दुरुस्तीच्या धंद्यात पडला होता हे काकूंना सांगितलं तेव्हा त्याच्याबद्दल त्यांना प्रथमच आदर वाटला. "मग फोन नंबर ठेवायचा होता नं," म्हणाल्या.

हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. हा तुमच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद, म्हणजे पेटणारा. फ्रीजमध्ये तो साधारण मूठभर ग्रॅमच असतो, सिलिंडरमध्ये १४.२ किलो, त्यामुळे घाबरून फ्रीज अंगणात नेऊन ठेवायचं कारण नाही. मात्र सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला तो नसतो. सुरी लागून 'फुस्स' झालं तर काडी ओढू नये, बटणं दाबू नयेत, खिडक्या उघडाव्यात. आणि मेकॅनिक नळीला आग लावून डाग द्यायला बसला तर आधी विचारावं, आतला गॅस काढला का. तो रागावेल. रागावू द्यावं.

आता मागची बाजू. फ्रीजला मागची बाजू असते हे आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. ती दिवाळीत एकदा दिसते, तीही हरवलेला चमचा, दोन बिस्किटं आणि झुरळाचं संस्थान यांच्यासह. २०१८ च्या पावसाळ्यात मात्र भिलाईला ती बाजू नीटच दाखवली गेली. त्या वर्षी गावात डेंग्यूनं थैमान घातलं, माणसं गेली, दवाखाने भरले. सगळ्यांनी कूलर उपसले, टायर फेकले, कुंड्यांच्या ताटल्या पालथ्या केल्या. आणि मितानीन दारात आली. मितानीन म्हणजे छत्तीसगढनं २००२ मध्ये सुरू केलेल्या योजनेतली वस्तीतलीच आरोग्यकार्यकर्ती. देशभरातली 'आशा' पुढं आली ती हे बघूनच.

काका तिला अभिमानानं कोरडा कूलर दाखवत होते. तिनं बॅटरी काढली आणि विचारलं, "फ्रिज के पाछू ला देखे हव का?"

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ आपोआप वितळतो. ते पाणी नळीतून मागं, कॉम्प्रेसरजवळच्या एका ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेनं वाळतं. पावसाळ्यात हवाच इतकी दमट की वाळायचं नाव घेत नाही. स्वच्छ पाणी, अंधार, ऊब आणि माणसांची वर्दळ जवळ. एडीस डासाला याहून बरा क्वार्टर अलॉट होणं नाही. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि पाणी आटलं तरी अंडी महिनोन्‌महिने कडेला चिकटून पुढच्या पाण्याची वाट बघतात. म्हणून आठवड्यातून एकदा ट्रे नुसता ओतायचा नाही, घासायचा.

ट्रेमध्ये वळवळ होती. काकांनी मिलमध्ये बरंच बघितलं असेल, पण त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ते बराच वेळ बसून राहिले. काकूंनी मितानीनला चहा दिला. साखर फ्रीजमधूनच काढली, मुंग्या लागतात म्हणून.

त्यानंतर काकांनी फ्रीजला प्लांटची शिस्त लावली. दारावर लॉगबुक. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी: वस्तू, तारीख, वेळ, ठेवणाऱ्याची सही. शनिवारी सकाळी इन्स्पेक्शन, त्यातच ट्रे. तीन दिवसांवरचा माल स्क्रॅप. दाराचं रबर तपासायला पुस्तकाचं पान दारात अडकवून ओढायचं. सहज निघालं तर रबर बदलायचं. जुना, कडीचा, बाडीत पडलेला फ्रीज ज्यात काकू कांदे ठेवत, त्याचं दार काकांनी पहिल्या दिवशी उखडून काढलं. लपाछपीत नातवंडं आत शिरली तर आतून उघडत नाही. अमेरिकेनं यासाठी १९५६ मध्ये कायदाच केला, फ्रीज आतून उघडता आला पाहिजे असा. पुढं चुंबकाची दारं रूढ झाली. या एका बाबतीत काकूंनीही वाद घातला नाही. कांदे खाटेखाली गेले.

बाकी शिस्त महिनाभर टिकली. मग काकूंना युक्ती सापडली. पट्टीवरची तारीख पुसून नवी टाकायची. मंगळवारचं वरण शुक्रवारी पुन्हा शुक्रवारचं होऊ लागलं. काकांना संशय आला, कारण लॉगबुकनुसार घरात पंधरा दिवसांत काहीच शिळं झालं नव्हतं. त्यांनी पट्टीसाठी पर्मनंट मार्कर आणला. काकूंनी पट्टीच बदलायला सुरुवात केली. काकांनी सहीचा आग्रह धरला. काकू त्यांची सहीही करू लागल्या आणि ती इतकी हुबेहूब होती की काकांना बँकेची काळजी वाटू लागली.

परवाच, म्हणजे खरोखरच्या परवा, पुण्याहून आत्या आझाद हिंद एक्स्प्रेसनं उतरल्या. रात्रभर आणि दिवसाचा बराच भाग गाडीत काढलेला. त्यांच्या हातात स्टीलचा मोठा डबा, वर ओला पंचा.

"वहिनी, उकडीचे मोदक आणलेत. कालच केले. वास बघू नकोस, वेलदोड्याचा आहे. फ्रीजमध्ये जागा आहे ना?"

काका हातात मार्कर घेऊन पुढं झाले. कालचे म्हणजे किती वाजताचे, गाडीत तापमान काय होतं, दुर्गला गाडी लेट होती का, एवढं विचारायला त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या हातातला मार्कर काढून घेतला, चप्पल घातली आणि दार उघडलं.

"आहे नं वो. भात सरकवला की झालं."